शेवटचा टप्पा कोणी खेळायचा?

पत्र

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी बॅडमिंटन शिकवतो. हॉल भाड्याचा आहे, कोर्ट दोन. ९ ते १६ वयाची २४ मुलं येतात, त्यात ८ मुली. सरावात मुलं छान खेळतात, पण जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो की पहिल्या-दुसऱ्या फेरीतच सगळे परत. परवा माझी १३ वर्षांची एक विद्यार्थिनी, जी इथे तिच्या वयाच्या मुलांनाही हरवते, ती ६-२१, ९-२१ अशी हरली. साधी सर्व्हिससुद्धा नेटमध्ये जात होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, हातच उचलत नव्हता."

आता दर महिन्याला हॉलमध्येच मुलांची सांघिक स्पर्धा घ्यावी असं मनात आहे. पण शंका आहेत. आमच्याकडे मोठ्यांच्या लीगमध्ये खेळाडूंचं ऑक्शन होतं, तसं मुलांचं करावं का? कच्ची मुलं कुठे बसवायची? शेवटचा, निर्णायक सामना संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूलाच द्यावा ना? काही पालक म्हणतात, फी शिकवण्याची भरतो, मॅच खेळवण्यात वेळ का घालवता? आणि मुळात घरच्या घरी खेळून बाहेरची भीती जाते का?

— एक प्रशिक्षक

उत्तर

नमस्कार सर,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. घरच्या हॉलमध्ये खेळून बाहेरची भीती पूर्ण जात नाही. पण ती ज्या गोष्टींमुळे वाटते त्यातल्या बऱ्याचशा घरी आणता येतात. त्या आणल्या की मुलगी जिल्ह्याच्या कोर्टवर उतरते तेव्हा तिच्यासाठी नवीन असं फारसं उरत नाही. यासाठी सांघिक स्पर्धेइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही. फक्त ती कोण सरस आहे हे ठरवायला घेऊ नका. ते तुम्हाला रोजच्या सरावातून ठाऊकच आहे. प्रत्येक मुलाच्या वाट्याला असे काही पॉइंट यावेत की ज्यांची त्याच्याइतकीच काळजी आणखी पाच जणांना आहे, एवढ्यासाठी ती घ्यायची.

तुमच्या विद्यार्थिनीचा हात का उचलत नव्हता ते बघू. सर्व्हिस तिने हजारो वेळा केली आहे. ती आता हाताला माहीत आहे, डोक्याने विचार करून ती होत नाही. दडपण आलं की लक्ष शटलवरून उठतं आणि आपल्याच मनगटाकडे, कोपराकडे जातं. आपोआप होणारी हालचाल मग तुकड्या-तुकड्यांत होऊ लागते. अशा वेळी "घाबरू नको, बिनधास्त खेळ" हे सांगणं खरं असलं तरी उपयोगाचं नसतं. हात थरथरत असतानाही सर्व्हिस टाकता येते हा अनुभव तिला पुन्हा पुन्हा मिळायला हवा. रोजच्या सरावातल्या मॅचमध्ये तो मिळत नाही. तिथे समोर त्याच चार मैत्रिणी असतात, स्कोअर कुणी लिहीत नाही, आणि हरलं तर पुढची मॅच पाच मिनिटांत सुरू होते.

एकेरीची अंतर्गत स्पर्धा घेतली तर? तीही घ्या, त्याबद्दल पुढे लिहितो. पण २४ मुलांची बाद फेरीची स्पर्धा घेतली की शेवटच्या आठांत कोण येणार हे मुलांना आधीच माहीत असतं. कच्ची मुलं पहिल्या फेरीत बाहेर पडून भिंतीला टेकून बसतात आणि पक्क्या मुलांना उपांत्य फेरीपर्यंत घाम फुटत नाही. म्हणजे दडपणाचा सराव दोघांनाही होत नाही. संघ केला की चित्र बदलतं. दहा वर्षांच्या मुलाने ३-९ ऐवजी ६-९ अशी हार घेतली तरी संघाला तीन पॉइंट जास्त मिळतात. त्या तीन पॉइंटसाठी तो जी धावपळ करतो ती एरवी तुम्ही ओरडूनही करवून घेऊ शकणार नाही.

यासाठी पद्धत कोणती वापरायची? २०२५च्या ऑक्टोबरमध्ये गुवाहाटीला जागतिक ज्युनिअर स्पर्धा झाली. तिथल्या मिश्र सांघिक स्पर्धेत, म्हणजे सुहंदिनाता करंडकात, रिले पद्धतीने गुण मोजले गेले. दोन संघांमधला एक सेट ४५ पॉइंटचा. पहिली जोडी किंवा पहिला खेळाडू उतरतो आणि कोणत्याही एका बाजूचे ९ पॉइंट होईपर्यंत खेळतो. मग दुसरे उतरतात, पण शून्यापासून सुरू करत नाहीत. स्कोअर ९-५ असेल तर तिथूनच पुढे, १८ होईपर्यंत. असं २७, ३६ आणि शेवटी ४५. भारताने या स्पर्धेत मिश्र सांघिक गटातलं आपलं पहिलं पदक, कांस्य, मिळवलं. उपांत्यपूर्व फेरीत कोरियाविरुद्ध पहिला सेट ४४-४५ असा गेला आणि पुढचे दोन आपण ४५-३०, ४५-३३ असे घेतले. ४४-४५ हा स्कोअर मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. पाच टप्प्यांतला कुठलाही एक पॉइंट, कुणाचाही, पहिल्या मिनिटातला असला तरी, हातात असता तर सेट आपला होता. प्रत्येक पॉइंट महत्त्वाचा असतो हे वाक्य मुलं ऐकून कंटाळलेली असतात. हा आकडा मात्र त्यांना लगेच कळतो.

तुमच्या २४ मुलांचे सहा-सहाचे चार संघ होतात, प्रत्येकात ४ मुलगे आणि २ मुली. टप्पे असे ठेवता येतील: लहान गटाची एकेरी, मुलींची एकेरी, मुलग्यांची दुहेरी, मिश्र दुहेरी, मोठ्या गटाची एकेरी. पाच टप्प्यांत सात जागा होतात, म्हणजे संघातलं एक मूल दोनदा खेळेल. ते मूल दर वेळी वेगळं असलं पाहिजे, हा नियम पहिल्या दिवशीच लिहून लावा. नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून प्रत्येक संघाचा भरवशाचा मुलगाच दोनदा खेळताना दिसेल. लढत एकाच ४५च्या सेटची ठेवा. मुलांच्या रॅली लहान असतात, त्यामुळे अर्धा तास ते ४० मिनिटांत ती संपते. चार संघ एकमेकांशी एकदा खेळले की सहा लढती, दोन कोर्टवर तीन फेऱ्या, म्हणजे दोन तासांचं काम. रविवारची एक सकाळ पुरते.

आता ऑक्शन. अजिबात करू नका, सर. मोठ्यांच्या लीगमध्ये ते हौसेने होतं, सगळे कमावते असतात, कमी बोलीवर गेलेला माणूस संध्याकाळी हसून विसरतो. अकरा वर्षांचं मूल विसरत नाही. सगळ्यांसमोर आपलं नाव शेवटी पुकारलं गेलं, दोन कॅप्टननी एकमेकांकडे पाहिलं आणि मग एकाने हात वर केला, ही आठवण घेऊन ते कोर्टवर जाणार असेल तर स्पर्धेचा हेतूच संपला. बोली खोट्या पॉइंटची असली तरी फरक पडत नाही. संघ तुम्ही घरी बसून करा. तुमच्या अंदाजाने मुलांची उतरती यादी करा, पहिले चार चार संघांत वाटा, पाचवा त्या संघात टाका जिथे चौथा गेला, आणि असंच उलटसुलट खाली या. मग मुली आणि लहान गट सारखे वाटले गेलेत का ते बघून अदलाबदल करा. ही यादी कुणालाही दाखवू नका, साहाय्यकालाही नाही. दर दोन महिन्यांनी संघ मोडून नवे करा, म्हणजे हॉलमध्ये गट पडत नाहीत. नावं मुलांना ठेवू द्या. तुमच्या जिल्ह्यात अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड, वासोटा आहेत, चार संघांना चार गड आयतेच मिळाले.

प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये ट्रम्प सामना असायचा. संघ एक सामना ट्रम्प म्हणून जाहीर करायचा, जिंकला तर जादा पॉइंट आणि हरला तर एक पॉइंट वजा. मुलं हे टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहून तुमच्याकडे मागतील. मोठ्या गटात कधीतरी द्यायला हरकत नाही. १३ वर्षांखालच्या मुलांना मात्र नको, कारण वजा झालेला तो पॉइंट एका मुलाच्या नावावर चिकटतो.

शेवटचा टप्पा कोणी खेळायचा, या तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक अंतर्गत स्पर्धा इथेच वाया जातात. चांगल्या खेळाडूला शेवटी ठेवणं हे संघ जिंकण्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण तुम्हाला कुठलाच संघ जिंकवायचा नाही, चारही तुमचेच आहेत. तुम्हाला २४ मुलांना ३८-३८ वर सर्व्हिस करायला शिकवायचं आहे. ती जागा दर वेळी त्याच चार मुलांना दिली तर उरलेली वीस मुलं वर्षभर टाळ्या वाजवण्याचा सराव करतील.

२०२४च्या फेब्रुवारीत मलेशियातल्या शाह आलममध्ये आशियाई सांघिक स्पर्धा झाली. भारतीय महिलांनी ती पहिल्यांदाच जिंकली. त्या संघात अनमोल खर्ब होती, वय १७, जागतिक क्रमवारीत ४७२वी. संघात सिंधू होती, पण ती एकेरीचा पहिला सामना खेळायची. पाचवा सामना आला तर तो अनमोलच्या वाट्याला होता. आणि तो आला. गटात चीनविरुद्ध २-२, उपांत्य फेरीत जपानविरुद्ध २-२, अंतिम फेरीत थायलंडविरुद्ध २-२. तिन्ही वेळा शेवटची ही मुलगी उतरली आणि तिन्ही वेळा जिंकली. अंतिम सामना तर २१-१४, २१-९ असा. सांघिक स्पर्धेत क्रम असा लागतो की निर्णायक सामना बरेचदा संघातल्या सगळ्यात अनुभवी माणसाच्या हातात नसतोच. तो ज्याच्या हातात येईल त्याची तयारी झालेली असावी लागते.

म्हणून तुमच्याकडे पाच टप्प्यांचा क्रम लढतीच्या आधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. कधी मोठ्या गटाची एकेरी शेवटी येईल, कधी दहा वर्षांच्यांची. लहान गटाची एकेरी शेवटी आली की काही मोठी मुलं नाक मुरडतील, पालकही म्हणतील की आता ही छोटी ठरवणार का. हो, तीच ठरवणार. त्या दिवशी मोठी मुलं छोट्यांच्या मागे उभी राहून श्वास रोखून पॉइंट बघतात, आणि पुढच्या सोमवारपासून त्या छोट्यांना मल्टी-शटल, म्हणजे सरावासाठी एकामागून एक शटल, स्वतःहून टाकायला लागतात. एका वहीत प्रत्येक मुलापुढे लिहून ठेवा की शेवटचा टप्पा त्याला कधी मिळाला. सहा महिन्यांत कुणी राहिलं असेल तर त्या वेळी चिठ्ठी टाकू नका, सरळ त्याला द्या.

तुमच्या त्या विद्यार्थिनीला पहिल्याच रविवारी शेवटचा टप्पा देऊ नका. आधी तिला मिश्र दुहेरीत खेळवा, शेजारी कुणीतरी असेल. मग एकेरीत, मधल्या टप्प्यात, संघ पुढे असताना. मग पिछाडीवर. तोपर्यंत सर्व्हिसच्या आधीची तिची एक ठरावीक सवय बसवा: शटलची पिसं नीट करायची, एक श्वास सोडायचा, कुठे टाकायची ते बघायचं, टाकायची. प्रत्येक सर्व्हिसला तेच, १-० ला आणि ४४-४४ लाही. लक्ष मनगटाकडे वळू लागलं की त्याला जायला ही दुसरी जागा मिळते.

थांबण्याचा सरावही याच स्पर्धेत होतो, आणि जिल्हा स्पर्धेत मुलं सगळ्यात जास्त तिथेच ढेपाळतात. रिपोर्टिंग सकाळी ९ ला, मॅच दुपारी २ ला. मधल्या वेळात मूल वडापाव खातं, मोबाइलवर खेळतं, दुसऱ्यांच्या मॅच बघून धास्तावतं, आणि नाव पुकारलं की थंड अंगाने कोर्टवर जातं. २०२२ला बँकॉकमध्ये भारताने थॉमस करंडक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, जिंकला. त्या वाटेवर मलेशिया आणि डेन्मार्क या दोन्ही लढती २-२ झाल्या आणि दोन्ही वेळा पाचवा सामना एच. एस. प्रणॉयने जिंकून दिला. चार सामने संपेपर्यंत तो वाट बघत होता. डेन्मार्कविरुद्ध पहिला गेम १३-२१ असा गेला, कोर्टवर घसरून पाय दुखावला, आणि तरी पुढचे दोन गेम २१-९, २१-१२. इतकी वाट बघूनही अंग गरम आणि डोकं थंड ठेवणं हे शिकावंच लागतं. तुमच्याकडे नियम करा: शेवटच्या टप्प्यावरच्या मुलाने स्कोअर २७ झाला की उठायचं, दोरीवरच्या उड्या, मग कोपऱ्यात शॅडो फूटवर्क, म्हणजे शटलशिवाय पायांची हालचाल. त्याला कुणी आठवण करायची नाही. विसरला तर थंड अंगाने खेळेल आणि पुढच्या वेळी विसरणार नाही.

बाकी सगळे उपचार खऱ्या स्पर्धेसारखे ठेवा, आणि यात सूट देऊ नका. वेळेवर रिपोर्टिंग, नाव पुकारणं, टॉस, दोन मिनिटांचा नॉक-अप. उशिरा आलेल्या मुलाचा टप्पा त्याच्या संघातलं दुसरं मूल खेळेल. शटल पिसांचंच. रोज तुम्ही मॅव्हिस ३५० सारख्या नायलॉनच्या शटलवर सराव घेत असाल, खर्चाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण जिल्ह्याला पिसांचं शटल आलं की ते वेगळं पडतं, नेटजवळ वेगळं गिरक्या घेतं, आणि मुलांचे ड्रॉप पहिला गेमभर चुकत राहतात. महिन्यातून हा एक रविवार पिसांच्या शटलचा. मोडलेली शटल मल्टी-शटलच्या टोपलीत जातात, फुकट जात नाहीत.

पंचगिरी मुलांनीच करायची. एका कोर्टवर १२ मुलं असतात आणि एका वेळी दोन किंवा चारच खेळतात, तेव्हा माणसं कमी पडणार नाहीत. अंपायर आळीपाळीने दोन्ही संघांतून, आणि प्रत्येक संघाचा एक लाइन्समन. तो आपल्याच बाजूच्या रेषेवर बसेल, म्हणजे आपल्या खेळाडूच्या कोर्टात पडलेलं शटल आत होतं की बाहेर हे त्यालाच सांगावं लागेल. पहिल्या दिवशी यावरून भांडणं होतील. होऊ द्या. आत पडलेल्या शटलला आपल्याच संघाविरुद्ध हात पुढे करून 'इन' द्यायला धीर लागतो, आणि ज्या मुलाने तो एकदा दाखवला त्याचा शब्द पुढे सगळा हॉल मानतो. याचा खेळाला थेट फायदाही आहे. जिल्ह्याच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बरेचदा लाइन्समन नसतात, अंपायर एकटा असतो आणि एखादा निर्णय विरुद्ध जातो. ज्याने स्वतः खुर्चीत बसून चुकीचा निर्णय दिलेला आहे तो त्या एका पॉइंटवर पुढचे पाच घालवत नाही. पॉइंट मोठ्याने पुकारायला लावा, "सर्व्हिस ओव्हर, सेव्हन-फाइव्ह". लाजरी मुलं यात खुलतात, हे मी अनेक हॉलमध्ये पाहिलं आहे.

आणि तुम्ही काय करायचं? गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे. चारही संघ तुमचे, त्यामुळे कुणा एकाला सांगणं म्हणजे दुसऱ्यावर अन्याय. टप्पे बदलताना ६० सेकंद ठेवा आणि त्या वेळात फक्त संघातल्या एका मुलाने बोलायचं, ज्याला त्या दिवशी संघाने नेमलं आहे. सहा तोंडं एकदम सुरू झाली की खेळणारं मूल काहीच ऐकत नाही. नेमलेल्या मुलाला एकच गोष्ट सांगायची परवानगी: "तिच्या बॅकहँडला टाक", "उंच उचल, वेळ घे". काय चुकलं ते सांगायचं नाही, आता काय करायचं तेवढंच. संघसोबत्याला रागावणाऱ्या मुलाला पहिल्यांदा समज द्या, दुसऱ्यांदा तो टप्पा गमावेल. सांघिक स्पर्धेत धोका असेल तर तो इथे आहे. ज्या पॉइंटची पाच जणांना काळजी असते तो हरल्यावर पाच जण रागावूही शकतात, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते सोसत नाही. अशा हॉलमध्ये मुलं दडपण झेलायला शिकत नाहीत, शेवटचा टप्पा टाळायला शिकतात. एखाद्या मुलाला रविवारी सकाळी पोटात दुखू लागलं तर आधी त्याच्या संघाशी बोला.

खुर्चीत बसून तुम्ही वही भरा. कोण जिंकलं हे लिहू नका, ते फळ्यावर असतंच. कुणाच्या सर्व्हिस नेटमध्ये गेल्या आणि कोणत्या स्कोअरला. लांब रॅली जिंकल्यावर लगेच पुढचा पॉइंट कोण घाईत घालवतं. पिछाडीवर कोण स्मॅश मारत सुटतं, आघाडीवर कोण नुसतं उचलत राहतं. हे रोजच्या सरावात कधीच दिसत नाही, आणि पुढच्या महिन्याचा सराव यातूनच ठरतो. आपल्या मुलाचा वेळ मॅचमध्ये वाया जातो असं म्हणणाऱ्या पालकांना हीच वही दाखवा, फक्त त्यांच्या मुलाचं पान. "तुमचा मुलगा पहिल्या सहा पॉइंटपर्यंत छान सर्व्हिस करतो आणि संघ मागे पडला की चारपैकी दोन नेटमध्ये मारतो, आता आम्ही यावर काम करतोय" असं सांगितलं की फी कशाची घेता हा प्रश्न उरत नाही.

पालकांना हॉलबाहेर काढू नका. जिल्ह्याला ते गॅलरीत असणारच आहेत, त्यांच्यासमोर खेळण्याचा सरावही हवाच. पण काम द्या: स्कोअरबोर्ड उलटणं, वेळ मोजणं, पाणी, पोहे. ज्या कोर्टवर आपलं मूल नाही तिथे. आणि कोर्टच्या मागून सूचना देणाऱ्या पालकाला तिथल्या तिथे थांबवा, कितीही जवळचे असले तरी.

बक्षीस नको. फार तर विजेत्या संघाने पुढच्या महिन्याच्या चिठ्ठ्या उचलायच्या, एवढा मान पुरे.

आता या पद्धतीची मर्यादा सांगतो, कारण ती लपवली तर तुम्ही नंतर मलाच विचाराल. नऊ पॉइंटच्या टप्प्यात मूल पूर्ण मॅच खेळायला शिकत नाही. पहिला गेम वाईट हरून परत कसं यायचं, तिसऱ्या गेममध्ये ११ला बाजू बदलल्यावर काय करायचं, २०-२० नंतर दोनची आघाडी मिळेपर्यंत कसं टिकायचं, यातलं काही रिलेत येत नाही. थॉमस करंडकाच्या त्या अंतिम सामन्यात लक्ष्य सेन पहिला गेम ८-२१ असा हरला होता, आणि तिथून त्याने इंडोनेशियाच्या जिंटिंगला हरवलं. दुहेरीत सात्त्विक आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टीही पहिला गेम हरले, दुसरा २३-२१ असा वाचवला आणि तिसरा २१-१९ असा जिंकला. ही ताकद पूर्ण मॅचमधूनच येते. म्हणून जिल्हा स्पर्धेच्या आधीचा महिना रिले बाजूला ठेवा आणि थॉमस करंडकासारख्या लढती घ्या: तीन एकेरी, दोन दुहेरी, प्रत्येक सामना २१च्या तीन गेमचा. दोन संघ एका रविवारी, उरलेले दोन पुढच्या.

आणि एक दिवस एकेरीची बाद फेरीही ठेवा. सांघिक स्पर्धेत मुलाच्या मागे पाच जण उभे असतात. जिल्ह्याला कोर्टवर ते एकटं असतं, आणि सकाळी साडेनऊला हरलं तर दिवस तिथेच संपतो. त्याचीही चव घेतलेली असावी. फक्त त्या दिवशी हरलेल्या मुलांना घरी पाठवू नका, त्यांना अंपायर म्हणून बसवा.

घरचा हॉल ज्या गोष्टी शिकवू शकत नाही त्यासाठी बाहेर पडावंच लागेल. छोट्या हॉलचं छत बरेचदा बुटकं असतं, मुलं उंच फटके टाळायला शिकतात, आणि मोठ्या हॉलमध्ये वर बघून शटलचा अंदाजच येत नाही. एका बाजूने शटल वाऱ्याने पुढे जातं, दुसऱ्या बाजूने मागे राहतं, हेही तिथेच कळतं. तेव्हा तीन-चार महिने हे नीट बसलं की कराड, वाई किंवा फलटणच्या एखाद्या प्रशिक्षकाला फोन करा. त्यांचे दोन संघ, तुमचे दोन, एकदा त्यांच्या हॉलमध्ये, एकदा तुमच्या. नियमांचा कागद आधी पाठवा, विशेषतः चिठ्ठ्यांचा आणि पंचगिरीचा, कारण समोरच्यांना आपला पक्का खेळाडू शेवटी ठेवायचा असेल. त्यावर अडून राहा. तारीख ठरवताना शाळांच्या चाचण्या आणि दहावीच्या मुलांचं वेळापत्रक बघून घ्या, आणि जिल्हा स्पर्धेच्या किमान दोन आठवडे आधी हे उरकून टाका, म्हणजे वहीत जे सापडेल त्यावर काम करायला वेळ राहील.